पपांचे भागीदार

गुरुवारी दुपारी मी पपांचा डबा घेऊन बाइंडिंगच्या खोलीत गेले, तेव्हा ते खळीबद्दल कुणाशी तरी बोलत होते. खोलीत सुईमावशी होती, पण ती खिडकीजवळ फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत बसली होती आणि तिच्याशी खळीबद्दल बोलायची पपांची पद्धत नव्हती. खळ जरा पातळ वाटते का, अशीच लावू की आणखी पाच मिनिटं शिजवू, हे ते प्रभू येशूला विचारत होते. मग थोडं थांबले, मान हलवली, "बरं, तुझं बरोबर आहे," म्हणाले आणि शेगडी पुन्हा पेटवली.

हे तेहेतीस वर्षं चाललं होतं. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानंतर महिन्याभरात पपांचं हे बोलणं सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. लोक प्रार्थना करतात तसं ते नव्हतं. डोळे मिटणं नाही, हात जोडणं नाही, आवाज ओला करणं नाही. पुठ्ठा कापताना, चष्मा शोधताना, चहा गाळताना ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसे बोलत. गिऱ्हाइकांशी बोलताना स्वतःला "आम्ही" म्हणत. "आम्ही मंगळवारी देतो." एकदा एका वकिलाने विचारलं होतं, "तुमचे भागीदार कधी दिसत नाहीत?" पपा म्हणाले, "असतात की. इथंच असतात." वकील जाताना पडद्यामागे डोकावून गेला.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि त्यावर माझं बरं चालतं. देवाशी अखंड बोलणाऱ्या माणसांबद्दल मी भरपूर वाचलेलं आहे आणि पुस्तकांत ती माणसं मला आवडतातही. त्यांच्यातल्या कुणाच्या मुलीने काही लिहिलेलं मात्र मला अजून सापडलेलं नाही.

"डबा ठेवलाय," मी म्हणाले.

"ठेव." मग जरा मान वळवून, "आली बघ. म्हटलं नव्हतं, दोनच्या आत येईल?"

हे मला नव्हतं. मला जे असायचं ते एका शब्दाचं असायचं.

त्यांच्यासमोर आमच्या चर्चच्या मंडळीचा, व्यासपीठावरचा बायबलचा मोठा ग्रंथ पडला होता. तीस वर्षांपूर्वी तो पपांनीच बांधला होता. चामड्याचा पुठ्ठा सांध्यावर फाटून आता वेगळा झाला होता. तो आपोआप फाटला नव्हता. आमचे पाळकसाहेब उपदेशाच्या शेवटी ग्रंथ एका पुठ्ठ्याला धरून हवेत उचलतात आणि आतली सहा किलो पानं खाली लोंबत राहतात. असं पुस्तक धरणाऱ्या माणसाला बाइंडर घरात घेत नाही. पपांनी मात्र नुसतं म्हटलं होतं, "उत्साही आहेत."

पुठ्ठा काढल्यावर ग्रंथाची पाठ उघडी पडली होती. तिच्यावर जाड तपकिरी कागदाचं अस्तर होतं. पपांनी त्यावर खळ लावायला घेतली. जुना कागद काढायची हीच रीत आहे. वरून खळ लावायची, वीस मिनिटं मुरू द्यायची, मग कागद आपणहून सुटतो. घाई केली तर खालच्यालाही घेऊन येतो.

"काढू ना हे?" पपा म्हणाले. थांबले. "तिच्यासमोरच काढू. हो."

मी पर्स उचलली होती.

"थांब जरा," हे मला होतं. "वीस मिनिटं. हे मुरू दे. तुला दाखवायचंय."

"पपा, मी जुनं अस्तर पाहिलेलं आहे. लहानपणी दुसरं काही पाहिलंच नाही."

"वीसच मिनिटं गं."

"माझी प्रुफं पडलीत. रविवारी येते." आणि दारातून मी म्हणाले, "तुमचे भागीदार आहेत ना सोबतीला. त्यांना दाखवा."

त्यांना ते लागलं नाही. हसले आणि शेजारच्या रिकाम्या हवेकडे बघून म्हणाले, "ऐकलंस?"

सुईमावशीने दोरा दातांनी तोडला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जिना नेहमीपेक्षा लवकर उतरले.

शुक्रवारी सकाळी सुईमावशी खोली उघडायला आली तेव्हा पपा आधीच आलेले होते. स्टुलावर बसले होते, डोकं टेबलावर, हातात घड्या दाबायची हाडाची पट्टी. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल. असं ते सगळ्यांनाच सांगतात, पण या वेळी त्यांचं म्हणणं मला पटलं. पपांच्या तोंडावर कुणीतरी काहीतरी सांगत असताना मध्येच थांबल्यासारखा भाव होता.

आता मंडळीबद्दल लिहायला हवं. मला ते टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

तेहेतीस वर्षं या लोकांनी माझ्या वडिलांना वेडसर समजून सांभाळून घेतलं होतं. पंचांच्या बैठकीत त्यांना कधी बोलावलं नाही, कारण मुद्दा चालू असताना ते दुसऱ्याच कुणाचं तरी मत घेत. पोरं त्यांची नक्कल करत आणि आया तोंडाला पदर लावून हसत. शनिवारी दुपारी आम्ही त्यांना मातीत ठेवलं आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत ते संत झालेले होते. वेडसरपणापासून संतपणापर्यंतचा प्रवास इतक्या कमी वेळात आणि इतक्या थोड्या चहात होतो हे मला माहीत नव्हतं.

आघाडीवर आत्या होती, पपांची सख्खी बहीण. भावाच्या घरी ती वर्षातून एकदा यायची आणि चपला दाराशी उलट्या तोंडाने ठेवायची, म्हणजे निघताना वेळ जाऊ नये.

"चालतं-बोलतं देवाचं घर होता गं माझा भाऊ," ती म्हणाली. "त्याच्या जवळ बसलं की कसं गार वाटायचं."

"आत्या, तू त्यांच्या जवळ कधी बसलीस?"

"मनाने गं. मनाने मी रोज बसायचे."

"मनाने बसलेल्यांना पपा चहा देत नसत. म्हणून लक्षात राहिलं नसेल त्यांच्या."

"तुझी जीभ तुझ्या आईची आहे," आत्या म्हणाली. माझ्या आयुष्यात तिने मला दिलेली ही एकच चांगली वस्तू.

सोमवारी पाळकसाहेब आले. वय माझ्याहून कमी, बूट पांढरे, आवाज कायम चाळीस माणसांपुरता. गेल्या वर्षी त्यांनी एक पुस्तिका काढली आहे, एकवीस दिवसांत देवाचं वसतिस्थान कसं व्हावं याबद्दल. तिची प्रुफं मी तपासली होती. मनुष्याच्या अंतःकरणात दिवाणखाना, स्वयंपाकघर, अडगळीची खोली असं सगळं असतं आणि एकेक दिवस एकेक खोली झाडून काढली की एकविसाव्या दिवशी ख्रिस्त राहायला येतो, असा तिचा आशय. वाचताना मला एखाद्या बिल्डरची जाहिरात वाचल्यासारखं झालं होतं. पुस्तिकेचं बाइंडिंग पपांनी केलं. कशी वाटली विचारल्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "कागद बरा वापरलाय."

"ताई," पाळकसाहेब म्हणाले, "येत्या रविवारी स्मरणाची उपासना ठेवतो आहोत. विषय तोच घेतलाय. देवाचं वसतिस्थान. तुमच्या पपांसारखं उदाहरण मला शोधूनही सापडलं नसतं."

"तुम्ही शोधत होता?"

"म्हणजे, डोळ्यांसमोर होतं ते. तुम्ही साक्ष द्यावी अशी इच्छा आहे. पाच मिनिटं. ख्रिस्ताशी अखंड सहवासात असलेल्या माणसाच्या घरात वाढणं कसं असतं. लोकांच्या काळजाला भिडेल."

कसं असतं ते मी त्यांना सांगू शकले असते. ते असं असतं की घर भरलेलं असतं आणि तुम्हाला जागा नसते. अकराव्या वर्षी मला वसतिगृहात ठेवलं. पपांनी ट्रंक वर नेऊन ठेवली, वॉर्डनबाईंना नमस्कार केला, आणि फाटकापाशी जाताना ते बोलत होते ते मला ऐकू येत होतं. माझ्याशी नाही. मी खिडकीतून पाहत होते. त्या वेळी माझी खात्री झाली की पपांना आता एकच माणूस पुरतो आणि तो मी नाही. त्यानंतर एवढ्या वर्षांत मला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. देव राहायला आला तेव्हा माझी खोली त्याला दिली का? विचारली नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आधी तिसऱ्याला विचारून मिळणार, तो विचारण्यात मला कमीपणा वाटायचा.

"आणि एक," पाळकसाहेब म्हणाले, "तो ग्रंथ रविवारी लागेल. त्यांच्या हातून काम अर्धं राहिलं असेल तर राहू दे, पाठीला रुंद टेप लावून द्या. लांबून दिसत नाही."

"टेप?"

"तपकिरी मिळते."

"मी करून देते," मी म्हणाले. रागाने माणूस काय काय पत्करतो.

बुधवारी मी बाइंडिंगच्या खोलीत गेले. सुईमावशीने झाडून ठेवलं होतं. ती आता पंचाहत्तरच्या पुढे आहे. पस्तीस वर्षं पपांकडे फर्मे शिवले, पपांना मास्तर म्हणायची. ती कुठल्याच उपासनेला जात नाही. रविवारी पाय दुखतात म्हणते. बाकीचे सहा दिवस दोन जिने चढते.

"टेप आणलीस का?" ती म्हणाली.

"तुम्हालाही सांगितलं त्यांनी?"

"मला म्हणाले, मावशी, तुम्हीच चिकटवून टाका. मी म्हटलं, आधी तुमच्या तोंडाला लावून बघू, धरते का."

ग्रंथ फडक्याखाली होता. पाठीवरचा तपकिरी कागद वाळून लाटालाटांचा झाला होता, जसा खळ लावून तशीच पुसून टाकल्यावर होतो.

"हे काढलं नाही त्यांनी?"

"तू गेलीस आणि पाच मिनिटांत पुसून टाकली खळ. म्हणाले, रविवारी येणार आहे ती, तेव्हा काढू. मी म्हटलं, मास्तर, काम अडलंय. तर म्हणे, आम्ही थांबतो." सुईत दोरा ओवत तिने वर बघितलं. "आता लाव तू. पातळ लाव. आणि पर्स खाली ठेव, वीस मिनिटं लागतात."

मी खळ लावली. वीस मिनिटं बसले. वीस मिनिटं किती असतात हे मला आजवर कुणी नीट दाखवलं नव्हतं. सुईमावशीचे सोळा टाके, एक चहा, खिडकीवरचं ऊन चार बोटं सरकतं.

मग हाडाची पट्टी कडेला सरकवून मी कागद उचलला. तो अखंड आला. आणि त्याच्याखाली माझं अक्षर होतं.

मी आधी ते अक्षर वाचलं नाही, ओळखलं. निळं बॉलपेन, रेघांच्या वहीचं पान, अकारावर उगाच दिलेला झोका जो मी चौदाव्या वर्षी मुद्दाम सोडून दिला. चार पत्रं होती, एकाखाली एक, पाठीच्या पूर्ण उंचीला. "ती. पपांस, सा. न. इथे दूध फार पातळ असते. माझ्या गादीत एक खड्डा आहे. गणितात बासष्ट मिळाले. इंग्रजीच्या बाई रजेवर आहेत."

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल. वसतिगृहातून मी दर आठवड्याला पत्र लिहीत असे. पपांचं उत्तर यायचं, पोस्टकार्डावर दोन ओळी. प्रभूच्या कृपेने ठीक आहे. अभ्यास कर. दोन वर्षं हे चाललं. मग एका सुट्टीत मी घरी आले आणि माझी पत्रं कुठे आहेत म्हणून शोधली, तर घरात एकही नव्हतं. विचारलं. पपा म्हणाले, "वापरली."

"कशाला?"

"अस्तराला. चांगला कागद आहे तुझा."

त्या सुट्टीनंतर मी पत्र लिहिलं नाही. त्यांनीही का लिहीत नाहीस म्हणून विचारलं नाही. आज मी शब्दांचं काम करते आणि माझ्या वडिलांनी माझे शब्द रद्दी म्हणून वापरले, ही गोष्ट मी दोन-तीन मित्रमंडळींत विनोद म्हणून सांगितलेलीही आहे. सगळे हसतात.

"तेच आहे ना हे," मी सुईमावशीला म्हणाले. "रद्दी."

"रद्दी?" ती उठून आली. तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला. "डोळे आहेत ना? रद्दीचं अस्तर कसं असतं, माहीत नाही तुला? आडवं, तिरकं, जसा तुकडा मिळेल तसं. अक्षर खाली, कोरी बाजू वर. हे बघ. एक ओळ तरी कापलीय? अक्षर वर ठेवलंय, वरून तपकिरी कागद, म्हणजे काढणाऱ्याला वाचता यावं. दुपारभर बसले होते मास्तर ही चार पानं लावायला. मी म्हटलं, एवढं काय मांडताय, पुठ्ठ्याखाली जाणार. म्हणाले, तो राहतो तिथं ठेवतो. माझं काय, मी आज आहे, उद्या नाही."

"आणि बाकीची? शंभरेक होती."

"गाण्यांच्या पुस्तकांत. मंडळीची चाळीस पुस्तकं बांधली नव्हती का त्या वर्षी? एकेकाच्या पाठीत दोन-दोन, तीन-तीन. एक पत्र बाहेर ठेवलं नाही." तिने माझ्या गादीतल्या खड्ड्याच्या ओळीवरून बोट फिरवलं, शिवण तपासतात तसं. "आधी वाचून दाखवायचे. शनिवारी यायचं पत्र. हात धुवायचे आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. दुधाचं तर तीनदा वाचलं. मग बसायचे उत्तर लिहायला."

"दोन ओळी."

"दोन ओळी पोस्टकार्डावर. त्याआधी कागद फाडायचे चार-चार. मास्तरांना लिहिता कुठं येत होतं? लोकांची पुस्तकं बांधली जन्मभर, स्वतःची ओळ सरळ जात नव्हती. मग ठेवायचे पेन आणि त्यालाच सांगायचे, आता तूच सांग तिला."

"काय सांग?"

सुईमावशीने सुई फडक्यात खोचली. तिला आठवत नव्हतं असं नव्हतं. बरीच वर्षं दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली की देताना जसं होतं तसं झालं असावं.

"सांग तिला, नको झाली म्हणून नाही ठेवली. मला तिचे केस विंचरता येत नाहीत, सकाळी रडते ती, मला काही सुचत नाही. तिथं बायका आहेत. सांग तिला, घर तिचंच आहे, मी राखतोय. असंच काहीबाही. दर शनिवारी. पुढं तू लिहायची थांबलीस तरी शनिवार चुकला नाही. शेवटपर्यंत."

मी खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"मग मी एकदा म्हटलं, मास्तर, पोरीला स्वतः सांगा की. तर म्हणाले, सांगितलंय त्याला. पोचलं असेल. तो विसरत नाही."

एवढी मोठी चूक मी कुठल्याही प्रुफात पाहिलेली नाही. तेहेतीस वर्षं माणूस एका भागीदाराच्या भरवशावर बसला, की निरोप दिलाय म्हणजे तो पोचला. मी समोर डबा घेऊन उभी असे आणि त्यांना वाटे, हिला सगळं कळलेलं आहे. म्हणून एका शब्दात भागत होतं. बोलायचं ते बोलून झालेलं होतं. आणि भागीदाराने काय केलं? एकाही शनिवारी, वसतिगृहाच्या एकाही पलंगापाशी, एक अक्षर नाही. टपालखात्याने असं केलं असतं तर मी तक्रार केली असती.

"आणि तुम्ही? तुम्ही का नाही सांगितलंत मला?"

"मला वाटलं, सांगितलं असेल."

"कुणी?"

"दोघांपैकी एकाने," सुईमावशी म्हणाली, आणि नाक पुसायला दुसरं काही नव्हतं म्हणून खळीच्या फडक्याने पुसलं.

नंतर आम्ही काम केलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाठ शाबूत होती. शिवण एका ठिकाणीही सुटलेली नव्हती. फाटला होता तो वरचा पुठ्ठा. "हे अस्तर काढायचं का?" मी विचारलं, आणि सुईमावशी म्हणाली, "हे काढलंस तर ग्रंथ सुट्टा होईल. आता यानेच धरलाय." मग आम्ही ते तसंच ठेवलं, वरून नवा तपकिरी कागद लावला, सांध्याला कापड घेतलं, चामडं चढवलं. हाताला सगळं आठवत होतं. मध्ये एकदा मी म्हणाले, "हा कोपरा जरा जाड होतोय," आणि सुईमावशी म्हणाली, "मला विचारतेयस?" कुणाला विचारत होते, ते मलाच ठाऊक नव्हतं.

रविवारी मंडळी झाडून हजर होती. आत्या पहिल्या बाकावर, पांढऱ्या साडीत, रुमाल आधीच उलगडलेला. सुईमावशी शेवटच्या बाकावर, दाराजवळ, पायांचं काही न बोलता. पाळकसाहेबांनी गाणं सांगितलं आणि चाळीस माणसांनी चाळीस पुस्तकं उघडली. मी गायले नाही, बघत राहिले. आत्याच्या अंगठ्याखाली माझं कुठलं तरी गणित होतं. जी पोरं पपांची नक्कल करत ती आता बाप होऊन उभी होती आणि त्यांच्या तळहातांवर माझी गादी, माझं दूध, माझा हिवतापाचा आठवडा. मी या जागेत वर्षानुवर्षं पाय ठेवला नव्हता. एकाही आठवड्याला गैरहजर नव्हते.

उपदेश व्हायचा तसाच झाला. दिवाणखाना झाला, स्वयंपाकघर झालं. अडगळीच्या खोलीपाशी पाळकसाहेबांना भरून आलं. शेवटाकडे त्यांचा हात ग्रंथाच्या पुठ्ठ्याकडे गेला आणि मी पहिल्या बाकावरून त्यांच्याकडे असं बघितलं की हात तिथेच राहिला. मग त्यांनी माझं नातं सांगून मला पुढे बोलावलं.

"साक्ष," ते माइकात म्हणाले, "एका धन्य कन्येची."

मी व्यासपीठावर गेले. खिशात कागद होता. त्यावर मी रात्रभर तासून लिहिलेली पाच मिनिटं होती. त्यात एका वेडसराचा दिवसभरात संत कसा झाला ते इतक्या सभ्य भाषेत मांडलं होतं की मंडळीला घरी गेल्यावर कळलं असतं आपल्याला काय म्हटलं गेलं. मला ती फार आवडली होती. कागद मी काढला नाही.

"साक्ष देण्यासारखं माझ्याकडे काही नाही," मी म्हणाले. "एवढंच सांगते, हा ग्रंथ दोन्ही हातांनी उचलत चला."

कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी हसल्यासारखं केलं. मी खाली उतरायला हवं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते आणि मीही. पण माझा हात ग्रंथाच्या पाठीवर होता. चामडं अजून किंचित ओलं होतं, आणि त्याच्याआड ती चार पानं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते मला बोटांना कळत होतं. त्या पानांत मी सगळं लिहिलं होतं, बासष्ट मार्कांपर्यंत. लिहायचं होतं ते एकाही पत्रात नव्हतं. ते लिहायला मला तेव्हाही कमीपणा वाटला होता. बापासारखीच मी; मलाही वाटलं होतं, न सांगता पोचेल.

मी डोळे मिटले नाहीत. हात जोडले नाहीत. पपांना बोलताना पाहिलं होतं तशी, शेजारी, जरा डावीकडे वळले. माइक चालू होता हे माझ्या लक्षात होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता.

"तुझ्याकडे माझे बरेच निरोप पडून आहेत," मी म्हणाले. "ते आता मिळाले. तुझ्यामुळे नाही, मावशीमुळे. माझा एक आहे, तो तरी वेळेवर दे. त्यांना सांग, दूध ठीक होतं. गादीही ठीक होती. मी दर शनिवारी फाटकाकडे बघत बसायचे." मग निरोप्याला मध्ये ठेवायचं मला सुचलं नाही. "पपा, मला घरी यायचं होतं. मला न्यायला या."